पाकिटातला कौल

काजूच्या भट्टीवर बसायला डोळे कशाला लागतात, असं ज्याला वाटतं त्याला एकदा त्या आगीसमोर बसवावं. चुलीवर भाण, म्हणजे बोंडूंचा, काजूच्या फळांचा, आंबलेला रस उकळायचं मोठं मडकं, तोंड वारुळाच्या मातीने लिंपलेलं. त्यातून नळी निघते ती दुसऱ्या मडक्यात जाते आणि ते मडकं पाण्यात बसवलेलं. त्याच्या अंगावर करवंटीच्या डवलीने गार पाणी ओतत राहायचं, तेव्हा आत वाफेचं पाणी होतं आणि हुराक, काजूची पहिली दारू, ठिबकतो. पाणी चुकलं की वाफ उडून जाते. आग चढली की रस उतू जाऊन नळीत शिरतो आणि सगळा घाणा नासतो. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला लाकडं आणि मधे बाई. काजू संपेपर्यंत, पाऊस तोंडावर येईपर्यंत, रोज.

कोरगावच्या डोंगरावर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, काजीत ती बाई मंजुळा होती. लग्न होऊन आली त्याच हंगामात सासूने तिच्या हातात डवली दिली, ती अजून सुटली नव्हती. तिचा नवरा रघुनाथ कातळात खोदलेल्या कुंडीत उभा राहून बोंडू तुडवायचा. त्या रसाने त्याच्या पायांना भेगा पडून त्या काळ्या झाल्या होत्या, आणि पावसाळ्यात भरून यायच्या तोवर पुढचा हंगाम यायचा. भट्टी भाटकाराची, डोंगर भाटकाराचा. यांचं काय तर घाम.

गोव्याचं वेगळं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बोर्डांवर कुठली भाषा लिहायची यावरून पणजीत माणसं एकमेकांची डोकी फोडून मोकळी झाली होती. मंजुळेला बोर्डच दिसत नव्हता. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पेजेवर धरावी तशी साय धरली होती. घरात सगळ्यांना कळलं होतं, पण बोलत कोणी नव्हतं. बोललं तर खरं होईल अशी भीती. ती भाणाच्या आवाजावरून आग ओळखायची, हाताच्या उलट्या बाजूने मडक्याची ऊब बघायची, आणि तसं निभत होतं.

एका दुपारी निभलं नाही. वारा फिरला, धूर तोंडावर आला, आणि तिने भरलेली डवली मडक्यावर न ओतता चुलीत ओतली. मग घाबरून पुन्हा तिथेच. आग चरचरत विझली, राख उडून तिच्या केसांवर बसली. भाण अर्धवट राहिलं. तेवढ्या वेळात भाटकाराचा कारभारी सगुण वाटा न्यायला आला होता, आणि त्याने सगळं पाहिलं.

सगुण ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हसला.

"रघुनाथा, फुडल्या वर्षाक आगीकडे दिसणारा माणूस बसव. नायतर भाटकार भट्टी दुसऱ्याक देतलो." मग त्याची नजर बोंडूंची पाटी उतरवणाऱ्या रूपालीवर गेली. "चेडू आसा मरे घरात. शिकान काय कलेक्टर जातला?"

रूपाली मंजुळेची एकुलती एक. अकरावीत होती. पेडण्याला बसने जायची, आणि वह्या काजीखाली बसून लिहायची. त्या दिवशी तिने राख बाजूला केली, नवी लाकडं लावली आणि आईच्या जागी बसली. मंजुळेला तिचं तोंड दिसलं नाही. पण पाणी ओतल्याचा आवाज आला, नेमका जागेवर पडणारा. याच आवाजात आपले डोळे गेले, आता हिचे जाणार.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर गुरुवारी यायचा. म्हणजे भिंतीवर तसं लिहिलं होतं.

दिवाळीनंतर गावात एक जीप आली. डिचोलीला एका ट्रस्टने डोळ्यांचं लहान इस्पितळ काढलं होतं आणि डेन्मार्क नावाच्या देशातले डॉक्टर त्यात भागीदार होते. यंत्रं त्यांची, इमारत इथली, काम दोघांचं. जीपमधून डॉक्टर महेश नावाचा तरुण उतरला, आणि त्याच्याबरोबर कमलाक्षी नावाची नर्स. ती सातार्ड्याची, नदीपलीकडची, त्यामुळे बोली एकच. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. मंजुळेचा मोतीबिंदू पिकलेला निघाला. तिची जाऊ देवकी शेजारच्याच घरात एकटी राहायची, विधवा, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून विकायची. तिचाही. दोघींना डिचोलीला यायला सांगितलं.

रघुनाथ आधी देवळात गेला. डोळ्याला सुरी लावायची म्हणजे देवाला विचारायला नको? गुरवाने मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. रघुनाथने हात जोडून विचारलं, हिला न्यावं की नको. बराच वेळ काही हललं नाही. समईची वात तडतडली. मग उजवी पाकळी सुटली आणि अलगद खाली आली. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. रघुनाथने ती पाकळी टोपीत ठेवली आणि दोघींना घेऊन डिचोलीची बस धरली.

खाणीच्या ट्रकांनी तो रस्ता लाल करून टाकलेला. झाडं लाल, म्हशी लाल, बसच्या खिडकीतून आलेली धूळ देवकीच्या पांढऱ्या लुगड्यावर. इस्पितळात मात्र फरशी अशी स्वच्छ की रघुनाथने चपला हातात घेतल्या.

तिथली मोठी डॉक्टरीण डेन्मार्कची. उंच, हाडकुळी, केस पांढरे. सगळे तिला लांबी डॉक्टरीण म्हणत. ती खाटांसमोर उभी राहिली नाही. एक बुटका स्टूल ओढून घेतला आणि गुडघे छातीशी येतील अशी त्यावर बसली, म्हणजे तिचं तोंड बायकांच्या तोंडासमोर आलं. ती इंग्रजीत बोलायची, कमलाक्षी आपल्या बोलीत सांगायची.

तिने तळहात पुढे केला. त्यावर तारली माशाच्या खवल्याएवढं, पाण्यासारखं काहीतरी होतं. हे डोळ्याच्या आत बसतं, म्हणाली. मोतीबिंदू काढल्यावर त्याच्या जागी. दुसऱ्या हातात जाड भिंगांचा चष्मा, बाटलीच्या बुडासारखा. मोतीबिंदू काढून हा दिला तरी दिसतं. वर्षानुवर्षं लोकांना हाच देत आलेत. इथल्या लोकांना, इथल्या धुरात आणि घामात, यातलं कुठलं सोसेल, कुठलं टिकेल, तेच शोधून काढायला हे दोन देश एकत्र आले होते.

"ह्यातला बरा खयचा?" रघुनाथने विचारलं.

डॉक्टरीण बोलली. कमलाक्षीने तिला परत विचारून घेतलं. मग म्हणाली, "ती म्हणता, माका ठावूक नाय."

खाटांवरच्या माना वळल्या.

या मुलखात 'मला माहीत नाही' असं म्हणणारा शहाणा माणूस कुणी पाहिला होता? तलाठ्याला सगळं माहीत असतं. आमदाराला तर आपण विचारायच्या आधी माहीत असतं. म्हापशाच्या बाजारात मुळ्या विकणारासुद्धा मूळव्याधीपासून मोतीबिंदूपर्यंत छातीवर हात मारून सांगतो. आणि ही बाई, समुद्र ओलांडून आलेली, डोळा उघडून परत शिवणारी, सगळ्यांसमोर स्टुलावर बसून म्हणते मला ठाऊक नाही, आणि तिला लाज वाटत नाही.  खोटं बोलणाऱ्यांची रघुनाथला सवय होती. या बाईला काय म्हणावं ते त्याला कळेना.

म्हणून पाकिटं होती. बंद, सारखी, एकावर एक रचलेली. आतल्या चिठ्ठीत खवलं की चष्मा ते डॉक्टरणीलाही ठाऊक नाही. प्रत्येक बाईच्या नावाने वरचं पाकीट उघडायचं, आत निघेल ते करायचं. आपल्या मनाने कुणी ठरवायचं नाही, कारण मन ओळखीच्याला झुकतं. ज्याला पाकीट नको असेल त्याने तसं सांगावं, त्याचंही ऑपरेशन होईल, कमलाक्षीने हे दोनदा सांगितलं.

"वयनी," देवकी हळूच मंजुळेला म्हणाली, "ही तर कौल घालतत गो."

रघुनाथने टोपी काढली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पाय खाली घेऊन बसला. ज्यांच्या पायात चपला होत्या त्यांनी त्या बाहेर नेऊन ठेवल्या. डॉक्टरणीने कमलाक्षीला विचारलं, हे काय चाललंय. कमलाक्षीने सांगितलं तसं तिने ऐकून घेतलं, आणि मग खाली वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मोज्यांनिशी फरशीवर उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

देवकीच्या नावाचं पाकीट उघडलं. खवलं.

मंजुळेच्या नावाचं उघडलं. चष्मा.

 रघुनाथच्या टोपीत अजून ती उजवी पाकळी होती, सुकून तपकिरी झालेली. देवाने उजवा दिला होता. त्याने विचारलं, परत घालता येतो का? देवळात पाकळी अडकली तर परत विचारतात.

 डॉक्टरीण जे म्हणाली ते कमलाक्षीने असं सांगितलं: "ती म्हणता, आपल्या मनासारखा येयसर परत परत घातलो, तर तो कौल खयचो? तो आपलोच हुकूम." आणखी म्हणाली, एकच डोळा आता करायचा. उत्तर सापडलं की दुसऱ्या डोळ्याला जे बरं ठरेल ते मिळेल, तुम्हाला आणि पुढे येणाऱ्या सगळ्यांना. "पण तोवर तुमी माका खरा सांगूचा. तुमी सांगल्याशिवाय माका कळाचा नाय."

मान सगळ्यांनी हलवली. शेवटचं वाक्य कुणाच्या डोक्यात राहिलं नाही. कौल मिळाल्यावर आणखी काय बोलायचं असतं?

पट्टी सुटली ती सकाळी. डॉक्टर महेशने मंजुळेच्या नाकावर चष्मा बसवला आणि बाजूला झाला.

आधी उजेड आला, सगळीकडून एकदम. मग त्या उजेडात एक हात. हातावर शिरा, शिरांवर बारीक लव, नखाच्या कडेला लाल माती. तिने तो हात हलवला तेव्हा तिला कळलं की आपलाच. ती बघत राहिली. हाताच्या पाठीवर भाजल्याचे डाग होते, केवढे तरी, एकावर एक. हे कधी झाले? ती हळूहळू वर बघत गेली. खाट, चादरीची वीण, खिडकीचे गज, गजापलीकडे फणस आणि फणसावर चालणारा मुंगळा. मुंगळा. तो खोडावरून वर चढत होता आणि ती त्याच्याबरोबर वर चढत होती. कुणी काही विचारत होतं, तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं तेव्हा कमलाक्षी म्हणाली रडायचं नाही, डोळ्याला त्रास होईल. मंजुळा म्हणाली, मी रडत नाही, ते आपोआप येतंय.

समोरच्या भिंतीवर तक्ता होता. तीन पायांच्या फणीसारखी चिन्हं, पाय कुठल्या दिशेला ते हाताने दाखवायचं. मंजुळेने खालच्या ओळीपर्यंत दाखवलं. डॉक्टर महेश खूश झाला. देवकीने तिच्याएवढंच दाखवलं. तक्त्यावर दोघी सारख्या.

मग मंजुळा खाटेवरून उतरायला गेली. फरशी तिच्या अंगावर आली. तिने पाय टाकला तिथे जमीन नव्हती, जमीन खाली होती. दार दोन्ही बाजूंनी फुगलेलं, मधे पोट सुटलेलं. रघुनाथ दारातून आला तो एकदम आला, आधी नव्हताच आणि मग तोंडासमोर, केवढा मोठा. ती दचकली. रघुनाथ हसला, म्हणाला दिसला ना घोव? तीही हसली. दिसतंय हे केवढं होतं. तक्रार कसली करायची?

फेब्रुवारीत भट्टी पेटली. मंजुळा चष्म्याला दोरी बांधून आगीसमोर बसली.

पहिल्या दिवशी तिने पाणी ओतलं ते मडक्याच्या अलीकडे पडलं. मडकं जवळ दिसत होतं आणि होतं लांब. दुसरं ओतलं ते पलीकडे. आग तर मांडीवर आल्यासारखी, म्हणून ती मागे सरकायची, आणि मागे सरकली की हात पोचत नसे. भिंगांवर वाफ धरायची. पुसायला काढलं की पुन्हा आंधळी. घाम नाकावरून घसरला की चष्मा घसरायचा, आणि कडेने बघितलं की एक काळी पोकळी, त्यात काहीही लपून बसलेलं असायचं. कोंबडी त्या पोकळीत शिरायची आणि एकदम पायाशी उगवायची. एकदा तिने डाव्या हाताने लाकूड म्हणून उचललं ते निखाऱ्याचं टोक होतं. तळहाताची कातडी त्याला चिकटली. ती ओरडली नाही. हात पाण्यात घातला आणि इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का.

देवकी दुपारी अबोली ओवत बसायची. आता तिला सुईदोरा कुणाला मागावा लागत नव्हता. ती भट्टीवर येऊन बसली की मंजुळेच्या हाताकडे बघायची आणि खाली बघायची. एकदा म्हणाली, आपण डॉक्टरांना सांगूया. मंजुळा चिडली. कौलाच्या विरुद्ध बोलायचं? देवाने हात दिलाय तो झटकायचा? आणि जिने फुकट डोळे दिले, बूट काढून जी उभी राहिली, तिच्या तोंडावर सांगायचं की तुझं दान वाईट?

अशी आमची जात. भाटकाराने वाटा खाल्ला तरी बरं आहे म्हणायचं. जावयाने मुलीला मारलं तरी बरं आहे म्हणायचं. गोड बोलून बोलून आम्ही मातीत जातो आणि वर पाहुण्याला विचारतो, चहा घेणार?

जीप दर महिन्याला यायची. तक्ता झाडाला टांगायचे. मंजुळा खालपर्यंत दाखवायची. कमलाक्षी विचारायची, काम करता येतं का? "बरा आसा." चालताना त्रास? "बरा आसा." आगीकडे? "सगळा बरा आसा." पलीकडच्या वाडीतल्या ज्यांना चष्मे मिळाले होते त्यांनीही हेच सांगितलं. चढणीवर पडून हात मोडलेल्या एकाने मोडका हात पाठीमागे धरून सांगितलं.

आणि आगीकडे पुन्हा रूपाली. बारावीची परीक्षा तोंडावर, ती एका हाताने पाणी ओतायची आणि मांडीवर पुस्तक ठेवायची. पुस्तकाची पानं धुराने पिवळी पडली. मंजुळा बाजूला बसून बिया पिळायची, बोंडूपासून वेगळ्या करायची, ते काम आंधळ्यालाही येतं. सगुण येऊन बघून गेला. आता जागेवर बरोबर माणूस बसला, म्हणाला. रूपालीचे डोळे लाल झालेले. तिने ते मनगटाने चोळले तेव्हा मंजुळेने तिचा हात धरला, इतका घट्ट की बांगडी वाकली.

हंगाम संपत आला होता तेव्हा लांबी डॉक्टरीण स्वतः डोंगर चढून आली. कमलाक्षी बरोबर. ऊन असं की कातळावर पाय ठेववत नव्हता. डॉक्टरणीचं तोंड भाजल्यासारखं लाल. तिला बसायला फळी दिली, निरो दिला, बोंडूंचा ताजा गाळलेला रस. ती प्यायली आणि डोळे मिटून घेतले, इतकं गोड काही तिने आधी प्यायलं नसावं.

मग विचारायला सुरुवात झाली. मंजुळेने चष्मा नीट केला.

"बरा आसा," ती म्हणाली.

डॉक्टरीण तिच्याकडे बघत बसली. मग हळू आवाजात बरंच बोलली. कमलाक्षीने सांगितलं ते असं, की आमचं काम संपत आलंय. तक्त्यावर खवल्यावाले आणि चष्म्यावाले सारखेच निघतात. तोंडी विचारलं तरी सारखेच, सगळे बरे आहेत म्हणतात. म्हणजे उत्तर असं निघेल की दोन्ही सारखंच, मग कोण खवलं बसवत बसेल? चष्मा सोपा. इथून पुढे पेडण्यात, डिचोलीत, कुठेही, सगळ्यांना चष्माच. तुम्ही जे सांगाल तेच लिहिलं जाईल, मी त्यात माझं घालू शकत नाही.

 चुलीकडून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एक, मग दुसरा. रूपालीचा हात. सगळ्यांना चष्माच. म्हणजे उद्या, म्हणजे आणखी काही वर्षांनी, हिलाही.

"कौलाविरुद्ध कसा बोलू?" ती कमलाक्षीला म्हणाली. 

कमलाक्षी खाली बसली. तिने हातातलं सगळं बाजूला ठेवलं. "वयनी, कौल दिलो त्याका किती दिस झाले. मगे देवाक काय जाला ता सांगूक नको? आमच्या गावात कौलामागसून गाऱ्हाणा घालतत. तुमच्यात नाय घालीत?"

घालतात. का नाही घालत? देवाने दिलेल्या वाटेने गेलो, काय भोगलं ते देवासमोर उभं राहून सांगायचं, आणि त्यात खोटं बोलायचं नाही. गाऱ्हाण्यात खोटं बोलणाऱ्याची जीभ झडते. आजवर गाऱ्हाणं पुरुषांनीच घातलं होतं, पण देवासमोर भोगलेलं कुणी सांगायचं, ज्याने भोगलं त्यानेच ना?

मंजुळा उठली. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. चपला काढल्या. कातळ पोळत होता. तिने हात जोडले ते डॉक्टरणीला नव्हे, चुलीला.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "तुया कौल दिलंस. तेच्या वाटेन मी गेलंय. माका दिसता. दिसत नाय अशा म्हणाचंय नाय, माझी जीभ झडात."

"व्हय म्हाराजा," रघुनाथ कुंडीतून म्हणाला. तुडवायचा थांबला होता तो.

"पण दिसता ता जाग्यार नाय. मडक्या हय दिसता नि आसता थय. आग मांडयेर दिसता, ती लांब. जमीन वर दिसता, ती खाली. माझो हात भाजलो," तिने तळहात उघडा केला, "नि मी लपयलंय. माझो घोव दारातसून येता तो भुतासारखो उगवता. तुया माका डोळो दिलंस नि सगळा जग हलवन् ठेयलंस."

"व्हय म्हाराजा." आता देवकीही म्हणाली.

"माझ्या जावेक बरा जाला. माका तेचो हेवो नाय. मी सगळ्यांका बरा आसा म्हणान सांगलंय. ता खोटा. मी तक्त्यार बघतंय, पण तक्त्याक हात लावचो नसता. तक्तो भाजत नाय. माझ्या चेडवाक मी ह्या आगीकडे बसयलंय, तेका माझे डोळे देव नुको. जेका जेका ह्यो चष्मो मेळतलो तेच्या वतीन मी सांगतंय. ह्या ऱ्हवाचा नाय. ह्या बदल, म्हाराजा."

 हात जोडलेलेच राहिले. कमलाक्षीचं काम भाषांतर करायचं. ती ते विसरली होती. तिच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

मग भानावर येऊन तिने डॉक्टरणीला एकेक वाक्य सांगितलं. डॉक्टरीण ऐकताना फळीवरून कधी उतरली ते कळलं नाही. ती कातळावर अनवाणी उभी होती. बूट तिने कधी काढले तेही कुणी पाहिलं नाही. सांगून झालं तेव्हा तिने मंजुळेचा भाजलेला तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली.  पाठीमागे भाण उकळत होतं आणि हुराकाचा वास सगळ्या डोंगरावर पसरला होता.

त्यानंतर ते वाडीवाडीत परत गेले, प्रत्येक घरी, आणि प्रत्येकाला म्हणाले, गाऱ्हाणं घाला. लोकांनी घातलं. डिचोलीच्या पल्याड, मांद्र्याच्या वाळूत, मोपाच्या सड्याच्या कातळावर. जाळ्यातला मासा सोडवताना बोट कापलेल्याने घातलं. मोडक्या हाताच्यानेही घातलं, या वेळी हात पुढे करून. डेन्मार्कला जे गेलं ते इंग्रजीत गेलं असणार, पण ते इथल्या बायकांनी अनवाणी उभं राहून सांगितलेलं होतं. लांब पलीकडे बर्फात बसलेल्या शहाण्यांनी ते वाचलं आणि मान्य केलं. ज्यांना आपल्या गावात आपल्या अंगणातल्या विहिरीबद्दल कुणी विचारत नाही, त्यांचं म्हणणं सात समुद्रापार जाऊन खरं ठरलं.

पुढच्या पावसाळ्यात मंजुळेच्या दुसऱ्या डोळ्यात खवलं बसलं. पाकीट उघडावं लागलं नाही.

त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत भट्टी पेटली तेव्हा तिने रूपालीला उठवलं. रूपाली म्हापशाला नर्सच्या शिक्षणाला लागली होती, सुट्टीत आली होती, आणि सवयीने चुलीपुढे जाऊन बसली होती. मंजुळा म्हणाली, ऊठ, जागा माझी आहे. सगुण झाडाखाली उभा होता. तो बोंडूंच्या पाट्या मोजायला वळला.

चष्मा घरात फळीवर होता. मंजुळा बसली. आधी नुसतं बघितलं. मग डवली भरली आणि ओतली. पाणी मडक्याच्या नेमक्या माथ्यावर पडलं आणि चारी बाजूंनी सारखं ओघळलं. नळीच्या टोकाशी पहिला थेंब धरला. तो फुगला, त्यात उलटी आग दिसली, उलटा डोंगर दिसला, आणि तो तुटला. दुसरा धरला.

कुंडीतून रघुनाथने हाक मारली. "कसा दिसता गो?"

बरं आहे, असं तोंडाशी आलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो होता तिथेच उभा होता. पाय काळे, भेगांतून रस झिरपत होता, केस पिकलेले, पाठीला बाक. एवढा म्हातारा कधी झाला हा? आपण पाणी ओतत होतो तेवढ्यात?

"थांब," ती म्हणाली, "सगळा सांगतंय. आग आगीच्या जाग्यार आसा. मडक्या मडक्याच्या जाग्यार. आणि तू..."

 रघुनाथ तुडवायचा थांबून वाट बघत राहिला. तिने हात न चाचपता एक लाकूड उचलून आत सारलं, आणि सांगायला लागली.